न सांडलेलं ताक

आम्ही तीन शिक्षक रोज लातूरहून नांदेड रोडवरच्या एका गावच्या शाळेत अपडाउन करतो. गाडी गणिताच्या जाधव सरांची, त्यांच्या शेजारी विज्ञानाच्या शिंदे मॅडम, मागे मराठीचा मी. इतकी वर्षं एका गाडीत काढली की किस्से आठवावे लागत नाहीत. गाडी झाडायला घेतली तरी सीटखालून निघतात.

ही नवी गाडी सरांनी घेतली ती वहिनींसाठी. त्यांच्या कंबरेला दणका चालत नव्हता आणि म्हातारी आई नांदेडला. दोन वर्षं माहेर नुसतं फोनवर. पेढे देताना सर म्हणाले, "आता दिवाळीला हिला माहेरी नेतो. या गाडीत खड्डा कळतच न्हाई."

तिसऱ्याच दिवशी खड्डा कळला. पुढच्या डाव्या चाकाची रिम वाकली.

शोरूमवाला म्हणाला, "हा गाडीचा दोष नाही, रस्त्याचा आहे. वॉरंटीत बसत नाही." चहाच्या टपरीवर रस्त्याचा ठेकेदार भेटला. तो म्हणाला, "सर, रस्त्याला काय झालंय? आजकाल गाड्यांचीच बिल्ड क्वालिटी राहिली न्हाई." शेवटी रिम घेऊन सलीमभाईंकडे गेलो. चाकं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. रिम मशीनवर फिरवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोघं बी खरं बोलून राहिले, सर. म्हणून तर माझं दुकान चालून राहिलंय."

मग सरांनी खड्डे पाठ केले. मोठ्या खड्ड्यांना नावं पडली. एक 'इन्स्पेक्शन', कारण तो अचानक समोर यायचा. एक 'जावई', त्याला मान देऊन बाजूनंच जायचं. मॅडम नाव पुकारायच्या, सर स्टिअरिंग वळवायचे, आणि मी मागे आधीच झुकलेला असायचो.

वहिनींचा आमच्यावर काडीचा भरवसा नव्हता. दर सोमवारी त्या बिनझाकणाच्या डब्यात काठोकाठ ताक द्यायच्या. शाळेत पोचल्यावर डब्याचा फोटो पाठवायचा. सांडलं नाही तर त्या नांदेडला येणार.

पहिल्या सोमवारी डबा निम्मा उरला, बाकीचं माझ्या पँटवर. दुसऱ्या सोमवारी सरांनी शाळेजवळच्या हॉटेलातून ताक घेतलं, डबा भरला आणि फोटो पाठवला. लगेच वहिनींचा फोन आला. "हे ताक माझं न्हाई. मी कोथिंबीर टाकत नसते."

दिवाळी तशीच गेली. भाऊबीजेला वहिनी फोन ठेवून रडल्या, हे सरांनी आम्हाला गाडीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम फुटपट्टी घेऊन 'जावया'जवळ उतरल्या. खड्ड्याचा आडवा छेद काढला, भागांना नावं दिली आणि आकृती बांधकाम खात्याला पाठवली. मग दर आठवड्याला खड्डा मोजून नवी आकृती. शेवटी इंजिनिअर साहेबांचाच फोन आला. "मॅडम, रस्ता मंजूर झालाय. आता आकृत्या थांबवा." मॅडम म्हणाल्या, "रस्ता झाला की शेवटची पाठवते. नुसती सरळ रेघ."

आणि रस्ता खरंच झाला. त्या सोमवारी डबा जसा दिला तसा शाळेत पोचला. फोटो बघून वहिनींनी उत्तर पाठवलं, "रविवारी निघू. दोघांनाही घ्या, आईला बघायचंय ताक कोण धरत होतं ते."

रविवारी वहिनी पुढे बसल्या, एक हात कंबरेवर. रस्ता गुळगुळीत होता, पण सरांच्या हातांना ते कुठं माहीत? जिथं जिथं खड्डा होता तिथं तिथं गाडी वळत होती, आणि आम्ही मागे झुकत होतो. 'इन्स्पेक्शन'च्या जागेपाशी मोटारसायकलवरच्या पोलिसाने आम्हाला थांबवलं.

"सकाळीच घेतली का, सर?" त्याने मशीन पुढं केलं. सरांनी फुंकलं. काहीच निघालं नाही.

सर अजिजीने म्हणाले, "साहेब, इथं खड्डा होता."

"होता ना. आता हाय का? मी बी रोज याच रोडनं येतो-जातो. रस्ता सरळ हाय, सरळ चालवा."

सरांनी मान डोलावली. पोलीस मोटारसायकलला किक मारून आमच्यापुढे निघाला. आम्ही अगदी सरळ त्याच्या मागे.

'जावया'ची जागा आली. पोलिसाने मोटारसायकल हळू केली, अलगद उजवीकडून नेली आणि पुन्हा रस्त्याच्या डाव्या बाजूला घेतली.

वहिनींनी कंबरेवरचा हात काढून तोंडावर धरला.