अंगठ्याखालची खळी

माझी आत्या आल्येटा कौडाइस कुणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसांची नडगी अंगठ्यानं दाबून बघायची. आम्हाला त्याची सवय होती, पण नवे पाहुणे दचकायचे. "काही नाही हो, खळी राहते का बघते," ती म्हणायची. खळी लगेच भरून आली तर माणूस ठीक. तशीच राहिली तर अंगात पाणी धरलंय.

ही सवय तिला जावा बेटावर लागली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आमच्या डच बायकामुलांना तिथे बांबूच्या कुंपणामागे डांबलं होतं. सेमारांगजवळच्या अशाच एका छावणीत ती नर्स होती. दवाखाना म्हणजे एका शाळेचा वर्ग. फळ्यावर कुणाची तरी अर्धवट गणितं तशीच होती आणि चादरी फाडून केलेली बँडेजं त्या फळ्याच्या कडेवर वाळत असायची.

खायला चिकट पेज आणि कोबी दाखवून काढलेलं पाणी. त्यामुळे बेरीबेरी. आधी पाय सुजायचे, मग सूज वर चढायची, आणि छातीपर्यंत पोचली की संपलं. औषध एकच होतं, यीस्ट. तांदळाच्या धुवणात थोडा गूळ घालायचा, त्यात बाटलीतलं यीस्टचं विरजण लावायचं आणि दुसऱ्या दिवशी ते फसफसणारं पाणी चमच्यानं द्यायचं. तेही सूज गुडघ्याच्या वर गेलेल्यांनाच, कारण सगळ्यांना पुरणार कुठून? विरजणाची बाटली एकच. गढूळ, तळाशी गाळ, बुचाभोवती पिवळट थर.

रोज सकाळी हजेरीच्या वेळी सगळ्याजणी जपानी पहारेकऱ्यांपुढे वाकून उभ्या राहायच्या. हजेरी झाली की आत्या बराकीतून नडग्या दाबत जायची. त्यात एक गोष्ट तिला स्वस्थ बसू देत नव्हती. कोपऱ्यातल्या झोपायच्या फळीवर बेट रावेन्सलोट नावाची म्हातारी होती, सगळ्यांची बेट मावशी. महिन्यापूर्वी तिच्या नडगीवर अंगठा बुडायचा. आता खळी पडायची आणि बघता बघता भरून यायची. चमचा तिला मिळत नव्हता. जेवण सगळ्यांचं तेच.

"मावशी, तुम्ही वेगळं काय खाता?"

"तुझ्यासारखीच्या शिव्या," मावशी म्हणायची आणि कोलनचा, म्हणजे विलायती अत्तराचा, रुमाल नाकाला लावायची. कोलनची ती छोटी बाटली तिनं जिवापाड जपली होती.

आत्याची मैत्रीण फेना दवाखान्यातच पडून होती. दोघी एकाच हॉस्पिटलात शिकल्या होत्या. फेनाची सूज मांड्यांवर आली होती. बोलताना धाप लागायची, तरी जीभ चालू.

"आल्येटा, माझे पाय बघ. एवढे जाड पाय माझ्या सासूचेही नव्हते."

"तुला सासू कुठाय?"

"असती तरी तिचे एवढे नसते, असं म्हणते मी."

तो शनिवार होता. शनिवारी आमच्याकडच्या बायका घर घासून काढतात. घर नव्हतं म्हणून त्या छावणी घासायच्या. त्या दिवशी दवाखान्याच्या मदतीला हिलेगोंडा टेर्प्स्ट्रा नावाच्या बाई नव्यानं आल्या होत्या. हॉलंडमधल्या फ्रीसलँडच्या. त्यांनी खिडक्या पुसल्या, फरशी घासली, आणि आत्या परत आली तेव्हा अभिमानानं खिडकीकडे बोट केलं.

"सिस्टर, ती घाणेरडी बाटली बघा आता! राखेनं घासली, वर उकळून काढली. तुम्हा नर्सांकडून ही अपेक्षा नव्हती हं."

बाटली उन्हात चमकत होती. कालचं फसफसलेलं पाणी सकाळीच वाटून झालं होतं, भांडंही धुतलेलं. आत्यानं सांगितलं, त्या गाळातच विरजण होतं आणि उकळल्यावर ते मेलं. ते कळल्यावर टेर्प्स्ट्राबाई ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडायला लागल्या.

फेनानं पलंगावरून सगळं ऐकलं. "रडू नका हो बाई. इतकी स्वच्छ बाटली मी कुणाच्या लग्नातसुद्धा पाहिली नाही." मग हळूच म्हणाली, "आल्येटा, नवं कधी मिळेल?"

कुंपणाबाहेरून काही आणणं म्हणजे मार खाणं, आणि फेनाकडे तेवढा वेळ नव्हता.

आत्या सांगायची, तेव्हा तिला आधी म्हातारीची खळी आठवली आणि मग रुमाल. त्या रुमालाला कोलनचा वास नव्हता. आंबूस होता, बिअरच्या पिंपासारखा. रोज तो वास नाकाशी येऊनही तिला कळलं नव्हतं!

ती तडक बराकीत गेली.

"मावशी, कोलनची बाटली द्या."

"का? तुला लग्नाला जायचंय?"

"आमचं विरजण मेलं. तुमचं जिवंत आहे."

मावशीचा चेहरा उतरला. आजाऱ्यांचं चोरणाऱ्या बाईचं नाव जेवणाच्या रांगेत पुकारायचे, आणि मग तिच्याशी कुणी बोलत नसे. "एकदाच घेतलं गं पोरी, एकच चमचा," ती कुजबुजली. "पुढे माझ्या वाटणीची चिमूटभर साखर घालून पोसलं आणि रोज घोटभर प्यायले. आमची बेकरी होती, यीस्ट कसं जगवायचं ते ठाऊक होतं. हातात उपाय असताना फुकट मरवेना मला."

"मला आत्ता हवंय."

"आणि रांगेत काय सांगशील?"

"मला बोलायला वेळ नाही, मावशी. फेना चाललीये."

मावशीनं उशीखालून बाटली काढली, पण हातात दिली नाही. स्वतःच उठली. "तू सांडशील. आणि गुळाचं प्रमाण तुम्हा लोकांना कळत नाही." छातीशी बाटली धरून, सगळ्या बराकीच्या डोळ्यांदेखत, ती दवाखान्यापर्यंत चालत आली. कुणीतरी विचारलं, "मावशी, हे काय?" तिनं मोठ्यानं सांगितलं, "चोरीचा माल परत करतेय. नाव पुकारायचं तर पुकारा, स्पेलिंग नीट घ्या."

अर्ध्या गाळाचे चमचे थेट फेनाला दिले, उरलेल्याचं विरजण लावलं. मावशी भांड्याशेजारी ठाण मांडून बसली. आता पाणी गढूळ व्हायचीच वाट बघणाऱ्या टेर्प्स्ट्राबाई सारख्या येऊन विचारायच्या, "मळलं का?" त्यावर फसफसणारे बुडबुडे दिसले तेव्हा त्याच पहिल्यांदा ओरडल्या, "मळलं! मळलं!"

मावशीचं नाव रांगेत पुकारलं गेलं. दोन-चार बायकांनी तोंड फिरवलं. बाकीच्या आपापल्या सुजलेल्या आया-बहिणींसाठी वाट्या घेऊन तिच्याचकडे आल्या.

फेनाचं मात्र कळायला वेळ लागला. आत्या रोज दाबायची, खळी तशीच राहायची. एका सकाळी फेना म्हणाली, "थांब, आज मी दाबते. तुझा अंगठा अपशकुनी आहे." तिनं स्वतःच्या नडगीवर अंगठा रोवला आणि उचलला. मावशी, टेर्प्स्ट्राबाई आणि आत्या, तिघी वाकून बघत राहिल्या. खळी पडली होती. मग तिच्या कडा, अगदी सावकाश, वर यायला लागल्या.