मागून चालणारी

नात मुक्ता परदेशी शिकायला जाणार, म्हणून सध्या घरात इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेची तयारी चालू आहे. काल परीक्षक मी होतो. फोनवर पाहून मी इंग्रजीतून विचारलं, "तुमच्या घरात चालायची सवय कुणाला आहे?"

तिनं फाडफाड उत्तर दिलं, की माझे आजी-आजोबा रोज संध्याकाळी हातात हात घालून फिरायला जायचे.

"कधी पाहिलंस गं तू?"

"आजोबा, मार्क इंग्रजीला असतात, खरेपणाला नाही!"

ती हसली, मला हसू आलं नाही. बायकोनं नवऱ्याच्या मागून चालायचं, अशी आमच्याकडची रीत. मी ती खुशीनं पाळली. बाजारातून येताना पिशव्याही तिच्याच हातात असत. गुडघे दुखायला लागल्यावर ती मागून म्हणायची, "अहो, जरा हळू." मी मान न वळवता म्हणायचो, "तू ये सावकाश," आणि पुढे निघायचो. ती गेली तोवर हेच चाललं.

हे सगळं मी मुक्ताला सांगितलं. ती म्हणाली, "उत्तर बदलू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "परक्या माणसापुढे तरी तुझी आजी माझ्या बरोबरीनं चालेल."