ताराबाईची सव्वा मूठ

फोपनारला रामदास पाटलांच्या भावकीत गहू मोजायचे म्हटलं की ताराबाईला हाक मारायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई घरी येते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. पुरुषाच्या हं! निवडायचे बायकांनी, दळायचे बायकांनी, चुलीपुढे घामाघूम व्हायचं बायकांनी. देवीही बाईच, चांगली नथ घालून चौरंगावर बसलेली. पण मूठ पुरुषाची. आहे की नाही गंमत?

तीस वर्षं ताराबाईने हे मुकाट्याने केलं. सासऱ्यांची मूठ, जेठाची, म्हणजे थोरल्या दिराची रामदासांची मूठ, नवऱ्याची लीलाधरची मूठ. रामदासांचा भूपेंद्र पाळण्यात होता, तोंडात एक दात नव्हता, तरी त्याची सव्वा मूठ. आता साहेब सुरतेला असतात. चार वर्षांत कानबाईला फिरकले नाहीत, व्हिडिओ कॉलवर जेवता जेवता हात जोडतात. पण मूठ चुकायची नाही! ताराबाईची जयश्री बऱ्हाणपूरला नर्स. ती सुट्टी टाकून येते, देवीची आरास करते, आणि तिच्या नावाचा दाणा नाही. का, तर मुलगी परक्या घरची. ते घर कोणतं हे अजून कोणालाच माहीत नाही, पण परकं हे नक्की.

मागच्या उन्हाळ्यात लीलाधर गेला. वर्ष फिरलं, आणि कानबाईच्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळीच रामदास ओट्यावर येऊन बसले. भावजयीशी सरळ बोलायची रीत नाही, म्हणून ते समोरच्या निंबाकडे बघत जयश्रीला म्हणाले, "तुझ्या मायले सांग, या घरात आता मूठ राहिली नाही. इथे रोट लागायचे नाहीत. कानबाई आमच्याकडेच बसेल. तिने फक्त येऊन गहू मोजून द्यावे."

आत ताराबाईच्या हातातलं सूप थांबलं. केळीला पाणी द्यायला, घड उतरवायला, गाडीवाल्याशी भांडायला या घरात माणूस होतं. देवीपुढे मात्र घर रिकामं! कोनाड्यात तीस वर्षं जपलेला कानबाईचा नारळ होता, त्यालाच नथ घालून देवी मांडायची. तोही आता जेठाच्या घरी जायचा, या विचाराने तिला रडूच फुटलं.

"माय, छोड ना," जयश्री आत येऊन म्हणाली. "हे देव-बिव काही नसतं. टेन्शन कायको लेती?"

"तुझ्यासाठी नसेल!" ताराबाई उसळलीच. "तुझ्या बापाला आयसीयूत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर मी रात्रंदिवस कोणाशी बोलत होते? तुझ्या काकांशी? कानबाई माझी आहे. मी नाही सोडायची."

डोळे पुसून, डोक्यावर पदर घेऊन ती ओट्यावर आली आणि जन्मात पहिल्यांदा जेठाशी सरळ बोलली.

"दादा, हा नेम कोणी सांगितला?"

रामदास इतके दचकले की निंबाकडे बघायचं विसरले. "वाडवडिलांनी!"

"म्हणजे कानबाईने नाही."

"देवी कोपेल, सांगून ठेवतो!"

"कोपू द्या. कोपायला तरी तिला माझं नाव घ्यावं लागेल. तीस वर्षांत ते कोणी तिच्या कानावर घातलंच नाही."

"माझ्या घरचं कुत्रंसुद्धा तुझ्या दारात यायचं नाही," असं जाहीर करून रामदास गेले. कुत्रं त्यांच्याकडे नव्हतंच, पण वाडवडिलांची भाषा आहे, बोलावी लागते.

मग ताराबाई सूप घेऊन बसली. तीस वर्षं जिच्या हातात माप होतं, तिने पहिल्यांदा स्वतःच्या नावाची मूठ भरली. "कानबाई माय, ही ताराची," ती मोठ्याने म्हणाली. मग जयश्रीची मूठ. सुपाच्या कोपऱ्यात अडीच मुठींचा एवढासा ढीग. एवढ्यात काय रोट होणार? आणि ही पुरणपोळीची हौस असलेली देवी एवढ्यावर येईल का?

एवढ्यात मागच्या दाराने रंभाबाई आली, तिची जाऊ, रामदासांची बायको.

"मोजायला बोलावलंय?" ताराबाईने तुटकपणे विचारलं.

रंभाबाईने खाली बसून पदराची गाठ सोडली. आत गहू होते.

"कमीजास्त असतील. मले कुठे मोजता येतं?" ती म्हणाली. "तू बराबर करून घाल तुझ्या सुपात."

"कोणाच्या नावाने?"

रंभाबाईने कोनाड्यातल्या नारळाकडे पाहिलं. "सुमनच्या."

"कोण सुमन?"

"मीच. रंभा तर यांनी लग्नात ठेवलं."

तीस वर्षांची जाऊ, आणि हे नाव ताराबाई आज ऐकत होती. तिने सव्वा मूठ मोजली, देवीला नाव सांगितलं, आणि उरलेले गहूही सुपातच टाकले.