द्राक्षाची बी

शारजाला अल मजाजच्या खाडीकाठी मी रोज संध्याकाळी चालायला जातो. तिथल्या एका बाकावर एक माणूस बसलेला असायचा. मांडीवर काळ्या द्राक्षांची पिशवी, शेजारी घडी केलेला स्वेटर. एवढ्या उकाड्यात स्वेटर! द्राक्षाचा गर तो पटकन गिळायचा, पण बी तळहातावर घेऊन तिचा रंग निरखायचा आणि मगच ती दाताखाली फोडायचा. मला तो जरा चक्रमच वाटला.

एके दिवशी न राहवून विचारलं. तो नाशिककडचा निघाला. स्वेटर होता शेजारच्या शहरातल्या, अल क्वोज भागातल्या गोदामाच्या थंड खोलीसाठी. तिथे तो वाइनची खोकी लावायचा. त्याआधी बरीच वर्षं न्यूझीलंडला, समुद्राकाठच्या मळ्यात, रेड वाइन करायच्या कामावर होता.

"गोडीवर जायचं नाही, साहेब," तो म्हणाला. "गरम हवेत द्राक्ष लगेच गोड होतं, पण बी हिरवीच राहते. मग वाइन नुसती भडक. तिथे समुद्राचा गार वारा गोडीला थोपवून धरतो, बीला पिकायला वेळ मिळतो. वाइन कशी नाजूक उतरते!"

बोलता बोलता त्याने चेहरा पाण्याकडे वळवला. वारा गरमच होता.

"घरी कोण असतं?" मी विचारलं.

"मुलगी आहे, आठवीत. मी घर सोडलं तेव्हा रांगत होती." त्याने पिशवीत हात घातला. "फोनवर फार गोड बोलते."

त्याने आणखी एक द्राक्ष तोंडात टाकलं. या वेळी बी काही बाहेर काढून पाहिली नाही.