काचेची खोली

पट्टीकाकांनी बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे संडास काढले. म्हणजे कागदावर. खिशात कायम सहा इंची पट्टी, म्हणून पट्टीकाका. पाठ खाजवायलाही तीच. ऑफिसात दर्शनी भाग आर्किटेक्ट साहेबांचा. जिने, मोऱ्या आणि पार्किंग काकांच्या गळ्यात. त्यामुळे नव्या वसाहतीतल्या चर्चचं काम आलं आणि साहेब म्हणाले, "तुम्ही चर्चला जाणारे, ते कन्फेशनचं तेवढं तुम्हीच काढा," तेव्हा काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आजवर मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, शाळेच्या हॉलमध्ये होई, आणि फादरांपुढे पापं कबूल करायची ती कोपऱ्यातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, चारचौघांत. काका तिथे सहा वर्षांत एकदाही बसले नव्हते. सहा वर्षांपूर्वी थोरला भाऊ हॉस्पिटलात असताना त्याचे तीन फोन आले होते. आईच्या कपाटावरून अबोला होता. काका वाजणाऱ्या फोनकडे नुसते बघत राहिले. भाऊ त्याच संध्याकाळी गेला. वहिनीला काकांनी सांगितलं, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. हे एकदा अंधारात, जाळीआडून, तोंड न दाखवता सांगून टाकायचं होतं.

म्हणून त्यांनी खोली काढली ती जाड लाकडी दाराची, बारीक भोकांच्या जाळीची. गुडघ्यांखाली दोन इंच गादी, रडणाऱ्याला कोपरं टेकायला फळी.

बायको म्हणाली, "स्वयंपाकघरात एक फळी मारायला अकरा वर्षं लावलीत."

बैठकीत साहेबांनी नकाशा पाहिला. "काका, हे कपाट झालं. जमाना पारदर्शकतेचा आहे. काच लावा."

"काचच बरी," फादर म्हणाले. "आवाज बाहेर गेला नाही म्हणजे झालं. उगाच कुणाला शंका नको."

"जाळी तरी राहू द्या, फादर."

"आता माणसं समोरासमोर बोलतात, काका. का, तुमची काही अडचण?"

"छे. माझी कसली?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने नकाशातली जाळी खोडली आणि काच आखली, जमिनीपासून छतापर्यंत. बत्तीस वर्षांत त्यांची रेघ वाकडी गेली नव्हती. हीही गेली नाही.

चर्च उभं राहिलं. पहिल्या शनिवारी काका रांगेत थांबून आत जाऊन बसले. काच इतकी लख्ख की बाहेर पहिल्या बाकावरच्या वहिनीच्या चष्म्याला बांधलेला दोरासुद्धा दिसत होता. तिने हात हलवला. काकांनीही हलवला.

"बोला," फादर म्हणाले.

"बायकोवर दोनदा ओरडलो. ऑफिसात एकदा थाप मारली."

"आणखी काही?"

वहिनी अजून इकडेच बघत होती.

"नाही, फादर. एवढंच."

फादरांनी हात उचलून तेवढ्याची पापक्षमा दिली आणि पुढच्याला खूण केली.