पंचाण्णव गुणांची झोप

सावेडीतल्या मशीनवाल्या पोराने मला फसवलं. मशीन चांगलं आहे, फसवलं ते पोराने.

मी म्हशींचा व्यापारी. शाळा चौथीत सोडली, पुढचं बाजाराने शिकवलं. झोपेत माझा श्वास अडकतो आणि त्यामुळे दिवसा डुलक्या येतात, असं तपासणीत निघालं. डॉक्टरांनी नाकावर मास्क लावून हवा देणारं मशीन घ्यायला सांगितलं आणि हवेचा दाब लिहून दिला, बारा. मशीन मी त्या पोराच्या दुकानातून घेतलं.

बारा म्हणजे तोंड उघडं ठेवून मोटारसायकल पळवल्यासारखं. दुसऱ्याच दिवशी मी पोराला फोनवर झापलं, "हवा कमी कर!" मशीन इंटरनेटला जोडलेलं, त्याने दुकानात बसल्या बसल्याच काहीतरी केलं आणि वारा निवला. मी खूश. त्यात रोज सकाळी मशीनचं ॲप शंभरपैकी गुण द्यायचं. पंचाण्णव! एवढे गुण जन्मात पाहिले नव्हते. चहाच्या टपरीवर सगळ्यांना मोबाईल दाखवून आलो.

डुलक्या मात्र चालूच.

मग बाजारात घात झाला. आमच्याकडे म्हशीचा भाव तोंडाने ठरत नाही, टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून ठरतो. हात ताठ म्हणजे नाही, सैल सोडला म्हणजे मान्य. पारनेरच्या गिऱ्हाइकाने अगदीच पडेल भावाची बोटं दाबली, आणि नेमका तेव्हाच मला बसल्या जागी डोळा लागला. हात पडला सैल.

"झाला सौदा!" तो ओरडला तेव्हा मी दचकून उठलो.

"अरे, झोपलो होतो मी!"

"तुमी झोपा की निवांत. हात तर व्हय म्हनला!"

सगळे हसले. माझी सगळ्यात दुधाळ म्हैस टेम्पोत चढली.

घरी सुनेने ॲपच्या आत जाऊन नीट पाहिलं. "आबा, यातले बरेचसे गुण मास्क किती तास लावला त्याचे आहेत. श्वास अजून तासाला बावीस वेळा अडकतोय. आणि दाब सातवर आहे."

पोराला फोन लावला. म्हणतो कसा, "काका, तुम्हीच म्हणालात ना, कमी कर!"

"अरे, मी म्हणणारच! जन्मभर घासाघीसच करतोय. गिऱ्हाईक कमी करा म्हणालं म्हणून मी म्हशीचा एक सड कापून ठेवतो काय? डॉक्टरांना विचारायचं होतंस!"

डॉक्टरांनी दाब पुन्हा बारा केला, पण झोप लागेपर्यंत तो हळूहळू चढेल असा लावला. ही सोय मशीनमध्ये पहिल्यापासून होती. पोराने सांगितली नव्हती. आता श्वास तासाला दोन-तीनदाच अडकतो. दिवसभर मी टक्क जागा. पण बाजारात टॉवेल पसरला की समोरचा आधी माझ्या डोळ्यांत बघतो. "आबा, जागं हाय ना?"

येत्या बाजारी त्या पोराने यावं. सगळ्या व्यापाऱ्यांसमोर उभं राहून सांगावं की, डॉक्टरांचा आकडा मी त्यांना न विचारता उतरवला, म्हणून या माणसाचा हात सैल पडला. नाही आला, तर मी त्याच्या दुकानात जाईन, गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, आणि सगळ्यांदेखत त्याला विचारीन, डॉक्टरांचा आकडा कुणाला विचारून उतरवलास?