डोळे मिटून खेळणारा कुंडलिक

आमच्या साखर कारखान्याच्या क्लबात टेबल टेनिसचं टेबल एकच, आणि संध्याकाळी त्यावर पहिला हक्क साहेबलोकांचा. ते दमून घरी गेले की उरलासुरला वेळ आम्हा कारकुनांचा. वजनकाट्यावरचा कुंडलिक तोवर भिंतीशी बाकावर डोळे मिटून बसायचा. आम्ही म्हणायचो, ''झोपला गडी.'' झोपला कसला! मनात खेळत असायचा. चेंडू कुठे टप्पा घेईल, बॅट किती कलती धरायची, पाय कुठे टाकायचा, सगळं सावकाश, पुन्हा पुन्हा. मांडीवरची बोटं तेवढी हलायची. मी त्याला पुष्कळ चिडवलं. पण टेबल मिळालं की तो मला धूळ चारायचा.

छप्पन साली पुण्याच्या सामन्यांसाठी कारखान्याने त्याला निवडलं. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी कशासाठी तरी निवडलं होतं. त्याच आठवड्यात गावी, पणदऱ्यात, त्याचे वडील गेणबा वारले. सामने तेराव्यानंतर होते. सुतकात बॅट हातात धरणं बरं दिसलं नसतं, पण घोंगडीवर गप्प बसायला कोण अडवणार? मी भेटायला गेलो तर गडी डोळे मिटून बसलेला आणि बोटं चाललेली. त्याची आई कुशाबाई मला म्हणाली, ''सारखं देवाचं नाव घेतोय बगा.'' मी नुसती मान डोलावली. रडलास का रे, असं मी त्याला हळूच विचारलं.

''येत न्हाय रडू. आतनं समदं बधिर झालंय. चेंडू तेवढा दिसतो.''

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही शिवेना. भावकी हात जोडून एकेक कबूल करू लागली. धाकटीचं लग्न लावू, बैल विकणार नाही, म्हातारीला अंतर देणार नाही. ऊन चढलं, भात वाळला. मग चुलता जोतीराम म्हणाला, ''कुंडलिक, थोरल्याला तुजा त्यो खेळ कधी आवडला न्हाय. सोडतो म्हण.''

''अहो तात्या, हे काय भलतंच...'' मी मध्ये पडलो.

''तुमी गप बसा, पावणं.''

कुंडलिक पुढे झाला. ''आबा, न्हाय खेळत आता,'' म्हणाला. वजनाची पावती वाचून दाखवावी तसा आवाज. तेवढ्यात एक कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच मारली. बायका रडल्या, जोतीरामने सुस्कारा सोडला. मला त्या कावळ्याचा असा संताप आला की मी दगड शोधू लागलो. सकाळपासून उपाशी पाखरू ते, कधीतरी उतरणारच होतं!

पुण्याला त्याच्याऐवजी मी गेलो आणि पहिल्याच फेरीत आपटलो. परत आलो तेव्हा कुंडलिक बाकावर डोळे मिटून बसला होता. बोटं मात्र हलत नव्हती. मी शेजारी टेकलो.

''मनातल्या मनात खेळायला कुठे बंदी आहे रे?''

''मी बी तेच म्हणलं,'' तो डोळे न उघडता म्हणाला. ''टेबल दिसतंय, चेंडू हातात हाय. पर पलीकडं आबा हुबं असत्यात, रिकाम्या हातानं.''

''मग?''

''मग काय? त्यास्नी कुठं खेळता येतंय.''